उपशाच्या पाण्याचा जमाखर्च

महाबळेश्वराच्या माथ्यावर पडणारा पाऊस कृष्णा आणि कोयना या दोन नद्यांच्या पात्रांतून खाली उतरतो, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर एकत्र येतो आणि पुढे सांगलीच्या दिशेने वाहत जातो, हे सातारा जिल्ह्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु कोयनेच्या पाण्याचा मोठा हिस्सा या संगमापर्यंत पोहोचतच नाही. तो पाटण तालुक्यात हेळवाकजवळच्या धरणात अडवला जातो, डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला वळवला जातो आणि कोकणात उतरता उतरता वीज देऊन जातो. संगमाच्या खाली काही अंतरावर टेंभू या गावी मात्र याच्या नेमके उलट घडते. तेथे अडवलेले कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून पूर्वेला खानापूर-आटपाडीच्या कोरड्या माळांवर चढवले जाते आणि चढताना ते वीज खाते. एकाच खोऱ्यातले हे दोन उद्योग, एक पाणी खाली सोडण्याचा आणि दुसरा वर नेण्याचा, डोळ्यांपुढे ठेवले, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाच्या शास्त्रात ज्याला ‘बिझनेस केस’ म्हणतात त्या दस्तऐवजाचे प्रयोजन जितके स्पष्ट होते तितके ते पाठ्यपुस्तकातील व्याख्येने क्वचितच होत असेल.

कोणतेही मोठे काम हाती घेण्यापूर्वी ते का करावयाचे, न केल्यास काय होईल, तेच साध्य दुसऱ्या एखाद्या मार्गाने गाठता येईल काय, त्यापासून होणारा लाभ कोणाला, किती आणि केव्हा मिळणार, त्यासाठी पैसा कोणी, किती आणि किती काळ घालावयाचा, आणि या सर्व हिशेबात चुकण्यासारखे काय काय आहे, या प्रश्नांना लेखी व पुराव्यानिशी दिलेले उत्तर म्हणजे बिझनेस केस होय. काम कसे करावयाचे हे आराखडा सांगतो आणि त्याला किती पैसा लागेल हे अंदाजपत्रक सांगते. परंतु मुळात ते करावे की नाही, आणि अर्धे झाल्यावरही पुढे चालू ठेवावे की नाही, हा निर्णय ज्याच्या आधारे घ्यावयाचा तो कागद या दोहोंहून वेगळा असतो. आपल्या सरकारी दप्तरात हा विषय सविस्तर प्रकल्प अहवाल, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि पुढे सुधारित प्रशासकीय मान्यता (जिला कचेरीतील मंडळी थोडक्यात ‘सुप्रमा’ म्हणतात) अशा पायऱ्यांत विभागलेला आहे. पायऱ्या योग्यच आहेत. त्या चढताना मूळ प्रश्नाचे भान कितपत टिकते, एवढाच काय तो विचाराचा मुद्दा आहे.

कोयनेची हकीकत या दृष्टीने फार बोधप्रद आहे. या नदीच्या पाण्यावर वीज करता येईल ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीचीच, आणि पहिल्या महायुद्धानंतर टाटांच्या उद्योगसमूहाने तिची पाहणीही केली होती. टाटांना हा व्यवसाय नवा नव्हता. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले होते, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली. तरीही मंदीच्या काळात कोयनेची योजना बासनात गेली. नदी तीच होती, डोंगराचा उतार तोच होता, अभियंत्यांचे कौशल्यही उणे नव्हते. उणे होते ते भांडवल आणि एवढी वीज घेणारे गिऱ्हाईक. स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारने योजना पुन्हा हाती घेतली, १९५४ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९६२ साली पोफळीच्या जनित्रांतून वीज बाहेर पडू लागली, तेव्हा तिला घेण्यासाठी मुंबई-पुण्याचे वाढते कारखाने आणि विजेच्या तारांची वाट पाहणारी गावे उभी होती. योजनेची अभियांत्रिकी बाजू तीस वर्षांत फारशी बदललेली नव्हती, बदलली होती ती तिची कारणमीमांसा. एखादा प्रकल्प आज नामंजूर होणे म्हणजे तो वाईट ठरणे नव्हे; आजच्या परिस्थितीत त्याचे समर्थन होत नाही एवढेच त्यावरून सिद्ध होते, आणि परिस्थिती पालटली म्हणजे तोच कागद पुन्हा काढून तपासता येतो.

पुढे याच प्रकल्पाने आणखी एक गोष्ट शिकवली. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने, कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळवण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. असे असताना १,००० मेगावॅट क्षमतेचा चौथा टप्पा कशासाठी बांधला, असा प्रश्न साध्या माणसाच्या मनात सहज येईल, कारण पाणी वाढणार नसेल तर वर्षभरातील एकूण विजेत तरी मोठी वाढ कशी होणार? त्याचे उत्तर असे की विजेचे मोल तिच्या वेळेवर अवलंबून असते. संध्याकाळी सारे राज्य एकदम दिवे आणि यंत्रे सुरू करते तेव्हाची वीज आणि मध्यरात्रीची वीज यांच्या उपयुक्ततेत मोठे अंतर आहे, आणि तेवढेच पाणी दिवसभर रेंगाळत सोडण्याऐवजी गरजेच्या चार तासांत मोठ्या जनित्रांतून सोडले, तर राज्याच्या वीजव्यवस्थेला त्याचा कितीतरी अधिक आधार होतो. १९९९ साली शिवाजीसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेण्याचा जो प्रयोग झाला, त्याच्या मागे हा हिशेब होता. १९५० च्या दशकात हे कारण कोणी लिहून ठेवले असणे शक्यच नव्हते. ते काळाच्या ओघात निर्माण झाले आणि योग्य वेळी ओळखले गेले.

कोयनेच्या कागदात जे नव्हते तेही सांगितले पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेला भूकंप त्या कागदात नव्हता; धरणाला त्यानंतर बळकटी द्यावी लागली. आणि ज्यांची गावे शिवाजीसागरात बुडाली, त्यांच्यापैकी अनेक कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या अद्याप जमिनीसाठी आणि सोयींसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत आहेत. प्रकल्पाच्या लाभाबरोबर त्यापासून होणाऱ्या हानीचीही नोंद करावी, असे आजचे शास्त्र आग्रहाने सांगते. कोयनेच्या वेळी ती नोंद अपुरी राहिली, याचे ऋण महाराष्ट्रावर आहे असे मला वाटते.

आता पूर्वेकडे वळू. सांगली जिल्ह्याचे, म्हणजे १९४९ पासून ज्याला दक्षिण सातारा म्हणत आणि १९६० पासून ज्याला सांगली हे नाव मिळाले त्या जिल्ह्याचे, दोन भाग आहेत हे नकाशा न पाहताही कळते. कृष्णाकाठी वाळवे, पलूस आणि मिरज भागात उसाचे हिरवे रान. आणि खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जत या तालुक्यांत, तसेच त्यांना लागून असलेल्या साताऱ्याच्या माण-खटावात, पर्जन्यछायेतले माळरान. या माळावरून माणसे पिढ्यान्पिढ्या बाहेर पडली. विट्याच्या परिसरातली शेकडो कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी भारताच्या कानाकोपऱ्यांत पसरली; कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेले. दुष्काळाच्या वर्षी टँकर, चारा छावण्या आणि रोजगार हमीची कामे यांवर सरकारी तिजोरीतून होणारा खर्च तर प्रत्येक पिढीने पाहिला आहे. या सर्वांचा उल्लेख येथे मुद्दाम केला, कारण बिझनेस केस लिहिताना पहिला पर्याय तपासावयाचा असतो तो ‘काहीच न करण्याचा’, आणि तो फुकट असतो असा समज फार रूढ आहे. काहीच न करण्याचा खर्च या माळाने, म्हणजे माणदेशाने, ज्या नाण्यात चुकवला त्याची नोंद कोणत्याही खतावणीत नाही. तरुण माणसे निघून गेली, गुरे बाजारात गेली आणि मागे म्हाताऱ्यांनी जोंधळ्याची कोरडवाहू शेती राखली. तेथे पाणी पोहोचवण्याचे समर्थन या अंगाने पाहता भक्कम होते आणि आजही आहे. हे मी ठामपणे लिहितो, कारण पुढे जो हिशेब मांडणार आहे तो वाचून कोणी ‘तर मग पाणी नेऊच नये’ असा निष्कर्ष काढू नये.

या समर्थनाला मुदतीचीही जोड होती. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णा खोऱ्यातील ५६० टीएमसी पाणी दिले आणि ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार करता येईल असे ठरवले. तोवर आपल्या वाट्याचे पाणी अडवून वापरात आणले नाही तर पुढील वाटपात आपली बाजू लंगडी पडेल, ही भीती महाराष्ट्राच्या राजकारणात खोल रुजली, आणि १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन होऊन रोख्यांच्या मार्गाने भांडवल उभे करण्यात आले. इकडे आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या पाणी परिषदांनी दुष्काळी तालुक्यांची मागणी रेटून धरली होती. कृष्णेवरच्याच ताकारी-म्हैसाळ उपसा योजनेला १९८४ साली ८२ कोटींच्या घरात मान्यता मिळाली होती. टेंभूला १९९६ साली सुमारे १,४१६ कोटी रुपयांची मिळाली. पहिल्या योजनेचा सुधारित आकडा पुढे ४,९०० कोटींच्या वर गेला आणि दुसरीचा ४,००० कोटींच्या वर, तेथून अलीकडे व्याप वाढवून ७,३०० कोटींच्या वर.

हे आकडे ऐकले की लोक एकदम भ्रष्टाचाराचा विषय काढतात. त्याची चौकशी व्हावयाची तेथे झाली, श्वेतपत्रिका निघाली, डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष चौकशी पथकाने २०१४ साली आपला अहवालही दिला. परंतु सारी वाढ त्या एका कारणाने समजावून देता येत नाही. तीस वर्षांत सिमेंट, पोलाद आणि मजुरी यांचे दर वाढले, भूसंपादनाचा मोबदला वाढला, आणि प्रत्येक निवडणुकीबरोबर लाभक्षेत्रात नवी गावे येत गेली. त्यापेक्षाही सूक्ष्म असे एक कारण आहे. थोडा थोडा निधी अनेक योजनांत वाटला, तर सर्वच कामे रेंगाळतात. बांधलेला कालवा, पुढची वितरिका आणि तिच्या खालची पोटचारी पुरी होईपर्यंत शेतात थेंब देत नाही, पण त्यात घातलेल्या पैशावर व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढू लागते. दरसाल दर शेकडा दहाच्या हिशेबाने पाहिले, तर दहा वर्षांनी हाती येणाऱ्या रुपयाचे आजचे मोल साडेअडतीस पैसे भरते आणि वीस वर्षांनी येणाऱ्या रुपयाचे जेमतेम पंधरा पैसे. लाभाचा आकडा कागदावर तोच राहिला तरी त्याला वीस वर्षांचा उशीर झाला की त्याचे सहा-सप्तमांश मोल वाटेतच संपते. दिरंगाई हा केवळ वेळेचा दोष नसून तो योजनेच्या कारणालाच पोखरणारा दोष आहे, हे एवढ्या एका गुणाकाराने कळावे.

येथे आपल्याच भूमीतील एका मोठ्या विद्वानाचे स्मरण करणे प्राप्त आहे. ब्रिटिश अमदानीत पाटबंधाऱ्याची योजना मंजूर करताना मुख्य कसोटी असे ती भांडवलावर सरकारला पाणीपट्टीतून किती टक्के परतावा मिळेल ही. दख्खनमधील कालव्यांनी या कसोटीवर सरकारला निराशच केले, कारण पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याचे पाणी घेईना. ते घ्यावे म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ठरावीक क्षेत्राला अनेक वर्षांसाठी पाण्याची हमी देणारी ब्लॉक पद्धत बसवली आणि तिच्या आसऱ्याने ऊस स्थिरावला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या क्षेत्राची पाहणी करून १९४८ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: सरकारच्या तिजोरीत काय आले हे राहू द्या, कालव्यामुळे त्या प्रदेशातील शेतकऱ्याच्या, मजुराच्या आणि व्यापाऱ्याच्या उत्पन्नात काय भर पडली? पुढे १९६४ साली त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने पाटबंधाऱ्यांची निवड लाभ-व्यय गुणोत्तरावर करावी अशी शिफारस केली, आणि त्या पद्धतीत सर्वसाधारण प्रदेशात हे गुणोत्तर दीड आणि अवर्षणप्रवण प्रदेशात एक असले तरी योजना ग्राह्य, असा दंडक देशभर रुजला. ज्या माळावर पाण्याची निकड अधिक, तेथे हिशेबाची अट सौम्य ठेवावी, हा त्यातील न्याय मला थोर वाटतो. पण या उदारतेबरोबर एक जोखीमही आली. तिजोरीच्या परताव्याची जुनी कसोटी अनुदार होती खरी, परंतु ‘चालवण्याचा पैसा कोठून येणार?’ हा एक प्रश्न ती चुकू देत नसे. नव्या पद्धतीत समाजाचा लाभ मोठा दिसला की योजना मंजूर होते, आणि तो लाभ ज्याच्या पदरात पडला त्याच्याकडून चालवण्याचा खर्च गोळा होणार की नाही, ही बाब मागे राहू शकते.

धरणाच्या पाटाच्या बाबतीत ही त्रुटी खपून जाते, कारण तेथे पाणी उताराने आपोआप धावते. उपसा योजनेत ती खपत नाही. हिशेब करून पाहू. एक टीएमसी म्हणजे सुमारे दोन कोटी त्र्याऐंशी लाख घनमीटर पाणी. ते एक मीटर उंच उचलण्यास निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ७७ हजार युनिट वीज लागते. पंप, मोटार आणि ऊर्ध्वगामी नलिका यांत होणारी तूट धरून एकूण कार्यक्षमता सत्तर टक्के मानली, तर दर मीटरला एक लाख दहा हजार युनिट लागतील. समजा हे पाणी निरनिराळ्या टप्प्यांवर मिळून २०० मीटर चढवावयाचे आहे, तर एका टीएमसीला दोन कोटी वीस लाख युनिट झाले. टेंभूच्या मूळ नियोजनात २२ टीएमसी पाण्यावर ८० हजार हेक्टरांच्या थोडे वर क्षेत्र भिजवावयाचे होते, म्हणजे एका टीएमसीच्या वाट्याला सुमारे साडेतीन हजार हेक्टरांहून किंचित अधिक क्षेत्र येते. त्यावरून २०० मीटर उंचीवरच्या शेताला हेक्टरी सहा हजार, म्हणजे एकरी चोवीसशे युनिट वीज लागते, आणि युनिटचा दर पाच रुपये धरला तर एकरी बारा हजार रुपये केवळ विजेचे. हा दर आणि ही उंची मी उदाहरणासाठी घेतली आहे. वाचकाने आपल्या गावच्या टप्प्याची उंची घालून हाच गुणाकार करून पाहावा. जोंधळा किंवा बाजरी काढणाऱ्या शेतकऱ्याला हा आकडा पेलणारा नाही. डाळिंब, द्राक्ष किंवा हळद घेणाऱ्याला चांगल्या वर्षी पेलेल, वाईट वर्षी पेलणार नाही.

आता याच्याशेजारी कोयनेचा आकडा ठेवा. तेच एक टीएमसी पाणी पश्चिमेला पावणेपाचशे मीटर खाली पडले तर तीन कोटी युनिटांच्या आसपास वीज देते. म्हणजे पूर्वेकडच्या माळाला दिलेल्या प्रत्येक टीएमसीमागे राज्य दोन कोटी युनिट खर्च करते आणि, ते पाणी कोयनेतून आलेले असेल तर, तीन कोटी युनिटांची मिळकतही सोडते. लवादाने घातलेल्या मर्यादेमुळे ही निवड पूर्णपणे आपल्या हातची नाही, हे खरे. परंतु उन्हाळ्यात सिंचनासाठी कोयनेतून नदीत पाणी सोडण्याची मागणी होते आणि त्याच वेळी वीजगृहालाही पाणी हवे असते, तेव्हा हा तोल प्रत्यक्षात सांभाळावाच लागतो. पर्यायांची तुलना म्हणजे काय हे मला या एका जोडीने जेवढे समजले तेवढे दुसऱ्या कशाने समजले नाही. माळावर पाणी नेण्याचा निर्णय पाच कोटी युनिटांच्या मोलाचा असूनही योग्य असू शकतो, कारण भिजलेल्या शेतातून उभा राहणारा संसार युनिटात मोजता येत नाही. पण तो पाच कोटींचा आहे हे माहीत असून घेतलेला निर्णय आणि माहीत नसताना घेतलेला निर्णय यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

प्रत्यक्षात काय घडले? पंपगृहे उभी राहिली, मोठ्या व्यासाच्या पोलादी नलिका डोंगराच्या अंगावरून वर गेल्या, पहिले पाणी आले तेव्हा गावोगावी त्याचे पूजन झाले. आणि मग वीजबिल आले. म्हैसाळच्या बाबतीत तर थकबाकीपायी वीज तोडली जाऊन पंप बंद राहण्याचे प्रसंग वारंवार आले. उभ्या द्राक्षबागा आवर्तनाची वाट पाहत राहिल्या. ‘बिल भरल्याशिवाय मोटारी चालू व्हायच्या नाहीत’ हे वाक्य मिरज पूर्व आणि कवठे महांकाळ भागात वर्षानुवर्षे ऐकू येई. कधी टंचाई निधीतून बिल भरून पाणी सोडले गेले, कधी आमदार-खासदारांनी शिष्टाई केली, आणि अखेरीस शासनाने असे सूत्र ठरवले की वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने सोसावा आणि १९ टक्के लाभधारकांनी भरावा. वरच्या उदाहरणातील बारा हजारांपैकी शेतकऱ्याच्या वाट्याला त्यामुळे तेवीसशेच्या आत रक्कम येते आणि ती त्याला भरता येण्यासारखी आहे. निर्णय माणुसकीचा आहे, आणि माझ्या मते तो करणे भागच होते. परंतु हे सूत्र योजनेच्या पहिल्या कागदात, पहिल्या पानावर असावयास हवे होते. मंजुरी देणाऱ्या मंत्रिमंडळापुढे ‘बांधणीचा एवढा, आणि त्यानंतर दरवर्षी कायमचा एवढा’ असे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले गेले असते, तर पाणी कोणत्या उंचीपर्यंत उचलावे, तेथे कोणती पिके धरावीत, उघड्या कालव्याऐवजी बंद नलिकेने ते पोहोचवावे काय, या गोष्टी तेव्हाच ठरल्या असत्या. त्या आता वीस-पंचवीस वर्षांनी ठरत आहेत. म्हैसाळच्या पंपांसाठी सौरऊर्जेचा प्रकल्प उभा करण्याचे आणि वितरणासाठी बंद नलिका टाकण्याचे प्रयत्न आज चालू आहेत, त्यांचा अर्थ एवढाच की जुन्या समर्थनातील कच्चा दुवा ओळखून ते पुन्हा लिहिले जात आहे.

टेंभूला मान्यता मिळाली त्याच १९९६ साली ब्रिटनच्या सरकारने प्रकल्प चालवण्याची ‘प्रिन्स-टू’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात या कागदाबद्दल एक नियम आहे तो आपल्याकडे फार उपयोगी पडण्यासारखा आहे. काम टप्प्यांत पाडावे, आणि प्रत्येक टप्पा संपताना पुढच्या टप्प्याचा पैसा सुटण्यापूर्वी मूळ समर्थन पुन्हा तपासावे; ते अजून टिकत असेल तरच पुढे जावे, टिकत नसेल तर काम बदलावे किंवा थांबवावे, आणि असे थांबवणे हे अपयश मानू नये. शिवाय काम पुरे झाल्यावरही काही काळाने, ठरलेले लाभ खरोखर पदरात पडले काय, याची मोजणी करावी. आपल्या सुप्रमा पद्धतीत खर्च वाढला की कागद पुन्हा वर जातो, हे या नियमाशी काहीसे जुळते. पण तेथे विचारले जाते ते बहुधा ‘वाढ कशामुळे झाली’ एवढेच. ‘या वाढीव खर्चालाही हे काम करणे अजून शहाणपणाचे आहे काय, आणि उरलेला पैसा दुसऱ्या रीतीने घातला तर अधिक शेते भिजतील काय’ हा प्रश्न त्याच वेळी आणि त्याच गांभीर्याने विचारला जावयास हवा.

मोठ्या योजनांबद्दल एवढे लिहिल्यावर सांगली जिल्ह्यातीलच एका छोट्या बंधाऱ्याचा निर्देश न करणे अन्यायाचे होईल. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बळीराजा स्मृती धरण उभे केले. येरळेच्या पात्रातील वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि विहिरींचे पाणी खोल जात होते. गावकऱ्यांनी मागणी केली की वाळू विकण्याचा हक्क गावाला द्या आणि त्या पैशातून आम्हाला बंधारा बांधू द्या. भांडवल नदीतूनच निघाले. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी आणि जाणत्या अभियंत्यांनी आराखड्याला हात दिला, आणि श्रम गावाने दिले. बांधण्यापूर्वीच ठरले होते की पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीवर न ठेवता कुटुंबांना समान द्यावा, भूमिहीनांनाही द्यावा, आणि भरपूर पाणी पिणाऱ्या उसाला या पाण्यावर स्थान नसावे. कोणाला, किती, कोणत्या पिकासाठी, आणि पैसा कोठून, या चारही प्रश्नांची उत्तरे पहिला दगड बसण्यापूर्वी दोन गावांच्या सभेत झालेली होती. या धरणाचे पाणी शे-पाचशे कोटींच्या योजनेशी तोलण्यासारखे नाही. पण त्याच्यामागचा विचार मात्र कोणत्याही सविस्तर प्रकल्प अहवालापेक्षा अपुरा नाही.

उसाचा विषय निघाला म्हणून वसुलीची एक अडचण सांगतो, कारण पुढच्या काळात तीच निर्णायक ठरणार आहे. उपशाचे पाणी शेतात आले की शेतकरी उसाकडे वळतो. भाव ठरलेला, कारखाना जवळ, राबणूक कमी. नियोजनातला आठमाही पीकक्रम कागदावर राहतो, वरच्या बाजूचा ऊस पाणी पितो आणि शेपटाकडच्या गावांना आवर्तन पोहोचत नाही. कृष्णाकाठच्या भारी जमिनीत अशाच अतिरिक्त पाण्याने हजारो एकर क्षारपड झालेले आहे. हे सारे खरे असताना, पाणीपट्टीची सर्वांत सोपी आणि खात्रीची वसुली उसातूनच होते, कारण साखर कारखाना बिलातून ती परस्पर कापून पाटबंधारे खात्याकडे भरू शकतो. द्राक्षाचा माल व्यापारी बागेतून उचलतो, डाळिंब निरनिराळ्या बाजारांत जाते, जोंधळा तर घरच्या कणगीत राहतो. तेथे कपात करणारे कोणी नाही. म्हणजे जे पीक योजनेच्या पाण्याचे गणित बिघडवते, तेच तिच्या पैशाचे गणित सांभाळते. जत तालुक्याच्या पूर्वेकडील पासष्ट गावांसाठी आखलेल्या विस्तारित म्हैसाळ योजनेत हा पेच अधिक तीव्र होणार आहे, कारण ती गावे सर्वांत दूर, सर्वांत उंच आणि पाण्यासाठी सर्वांत आसुसलेली आहेत. तेथे ऊस लावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. त्या गावांत पाणीवापर संस्था आधी उभ्या राहतील काय, घनमीटरवर मोजलेले पाणी संस्थेच्या दाराशी देऊन वसुली तिच्याकडे सोपवता येईल काय, फळबागांच्या खरेदीदाराकडून किंवा शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांकडून कपात घेता येईल काय, आणि ज्याच्याकडे कोरडवाहू दोन एकरांपलीकडे काही नाही त्याच्या १९ टक्क्यांचे काय करावयाचे, हे प्रश्न जतच्या माळावर नलिका पोहोचण्यापूर्वी ग्रामसभांपुढे मांडले जावेत आणि त्यांची उत्तरे अंदाजपत्रकाला जोडली जावीत.